धुण्याची खोली आखताना: आधी सांडपाणी, मग कपाटं

आमच्या पहिल्या धुण्याच्या खोलीत सगळं होतं. पांढरी कपाटं होती, मशीनवरून गेलेला दगडी ओटा होता, भिंतीला गुळगुळीत टाइल होती. मशीनचा नळ मात्र मशीनच्या बरोब्बर मागे होता. एका रात्री नळीच्या आट्यातून पाणी झिरपायला लागलं. तो नळ बंद करायला आम्ही दोघांनी ते सत्तर किलोचं धूड ओट्याखालून ओढून काढलं, तोवर पाणी उंबरा ओलांडून पुढच्या खोलीत पोचलं होतं. नळ शेजारी, सहज हात जाईल असा घ्यायला हातभर पाइप जास्त लागला असता, एवढंच.

तेव्हापासून कुणी ही खोली आखायला घेतली आणि कपाटांचा रंग दाखवायला लागलं, की मी विचारते, सांडपाणी कुठून जाणार? खोली छान दिसावी यात काही चूक नाही. पण सांडपाणी, नळ, वीज आणि फरशी या गोष्टी एकदा भिंतीत-जमिनीत गेल्या की फोडाफोडीशिवाय बदलत नाहीत. कपाटाचा रंग दर सुट्टीत बदलता येतो. म्हणून या लेखातला क्रमही तोच ठेवलाय.

आधी एका शर्टाच्या मागे फिरा

कागदावर रेघ ओढण्याआधी एक दिवस घरातल्या एका मळक्या शर्टावर नजर ठेवा. तो अंगातून निघतो कुठे, पडून राहतो कुठे, कॉलर कुठे चोळली जाते, मशीनमधून निघाल्यावर वाळेपर्यंत कुठे लटकतो आणि वाळल्यावर किती वेळ खुर्चीवर ढिगात पडतो? तो किती वेळा खाली ठेवला आणि किती वेळा परत उचलला, ते मोजा. बहुतेक घरांत सगळ्यात मोठी अडचण मशीनपाशी नसते. वाळलेल्या कपड्यांना घडी घालायला जागा नसते, तिथे ती असते.

मग खोलीतल्या जागा त्याच क्रमाने लावा: मळक्या कपड्यांच्या टोपल्या, डाग काढायचं सिंक, मशीन, वाळवण, घडीचा ओटा. एका भिंतीला सरळ रांगेत बसलं तर उत्तम, नाहीतर काटकोनात. धुतलेला कपडा मळक्या टोपलीवरून मागे न्यावा लागत असेल, तर रांग चुकली असं समजा.

आता मापं. फ्रंट लोड मशीन साधारण ६० सेंटिमीटर रुंद आणि ८५ सेंटिमीटर उंच असतं. मशीनची खोली, म्हणजे पुढून मागेपर्यंतचं माप, मॉडेलप्रमाणे ४५ ते ६५ सेंटिमीटर. दोन्ही बाजूंना दोन-तीन सेंटिमीटर मोकळे सोडा आणि मागे नळ्यांसाठी दहा. नळी दाबून मशीन भिंतीला टेकवलं की नळी मुडपते, आणि मशीनमध्ये पाणी येत नाही म्हणून आपण नळाला दोष देत बसतो. समोर निदान ९० सेंटिमीटर हवेत, मीटरभर मिळाले तर बरं. तिथे दार उघडणार, टोपली ठेवणार आणि तुम्ही वाकणार. टॉप लोड घेणार असाल तर झाकण उघडल्यावरची उंची मॉडेलच्या माहितीत बघून घ्या. ती बऱ्याचदा १.३ ते १.४ मीटरपर्यंत जाते, आणि वरचं कपाट त्याहून खाली आलं की झाकण अर्धवट उघडं धरून कपडे टाकावे लागतात. म्हणजे मशीन कुठलं, हे नकाशाआधी ठरायला हवं.

नंतर खडू घ्या. जमिनीवर मशीनचा, सिंकचा, टोपल्यांचा चौकोन काढा. मशीनच्या चौकोनासमोर खरी टोपली ठेवून खाली बसा आणि घरातल्या कुणाला तरी मागून जायला सांगा. जाता आलं नाही तर कागदावरची आखणी कितीही देखणी असली तरी ती पुसा. मशीनच्या दाराची बिजागरी कुठल्या बाजूला आहे तेही याच वेळी बघा. धुण्याच्या मशीनची बिजागरी बहुतेक वेळा बदलता येत नाही, त्यामुळे दार भिंतीकडे उघडावं आणि सिंक नेमकं दाराच्या आड यावं, असं होऊ देऊ नका.

स्वतंत्र खोली नसली तरी हा सगळा खटाटोप उपयोगी आहे. बाथरूमचा कोपरा, बाल्कनी किंवा बोळातला एक खण असला तरी क्रम हाच. घडीचा ओटा तेवढा भिंतीला मिटणारा करावा लागतो.

सांडपाणी आणि नळ

मशीनची सांडपाण्याची नळी जमिनीपासून किती उंचीवर अडकवायची हे मशीनसोबतच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. फ्रंट लोडसाठी ते बहुधा ६० ते १०० सेंटिमीटरच्या दरम्यान असतं. नळी थेट जमिनीवरच्या जाळीत सोडली, की ड्रममध्ये भरलेलं पाणी वक्रनलिकेसारखं आपोआप बाहेर ओढलं जातं. मशीन बिचारं भरत राहतं आणि पाणी निघून जात राहतं. तासभर नुसतं पाणी वाहतंय, कपडे मात्र साबणाचेच, अशी तक्रार घेऊन लोक मेकॅनिक बोलावतात. तो येतो, नळी वर अडकवतो आणि जातो.

यासाठी भिंतीत उभा पाइप घ्या, ५० मिलिमीटर व्यासाचा. पंप पाणी जोरात फेकतो, बारीक पाइप असला तर ते तोंडाशी उसळतं. नळी पाइपात सैल सोडा, भोवती सिलिकॉन भरून हवाबंद करू नका. आत हवा जायला वाट राहिली नाही तर पुन्हा तीच ओढ सुरू होते. नळी फार खोलही नको. तिचं टोक साचलेल्या पाण्यात बुडालं तर घाण पाणी उलट मशीनकडे येऊ शकतं.

जमिनीवरची जाळी, म्हणजे फ्लोअर ट्रॅप, तरीही हवाच. मशीन कधीतरी गळणार, सिंक कधीतरी भरून वाहणार. जाळीकडे उतार ठेवताना मीटरला एक सेंटिमीटर एवढा पुरतो, आणि उतार दारापासून जाळीकडे हवा. हे वाक्य मूर्खपणाचं वाटेल, पण उलटा उतार मी स्वतः पाहिलाय. फरशी पक्की बसण्याआधी एक गोटी घ्या आणि खोलीच्या चारही कोपऱ्यांतून सोडून बघा. गोटी जाळीपाशी पोचली तर काम झालं. मध्येच थांबली, तर उद्या पाणीही तिथेच थांबणार. त्याच दिवशी गवंड्याला दाखवा, सिमेंट ओलं असेपर्यंत वाद लवकर मिटतो. दारात दोन-तीन सेंटिमीटरचा उंबरा ठेवा. फरशीखाली वॉटरप्रूफिंग करून ते भिंतीवरही वीतभर चढवा, आणि टाइल लावण्याआधी जाळी बंद करून २४ तास पाणी साठवून ठेवा. खालच्या छताला ओल आली की नाही, ते तेव्हाच कळतं.

ट्रॅपमध्ये साधारण पाच सेंटिमीटर पाणी कायम उभं असतं, तेच गटाराचा वास अडवतं. जाळीवर बरेच दिवस पाणी पडलं नाही की ते सुकतं आणि खोलीत वास मारतो. लोक मग सुगंधी गोळ्या आणतात. तांब्याभर पाणी ओता, वास जातो.

मशीनच्या नळाबद्दल सुरुवातीलाच सांगून झालंय: मागे नको, बाजूला, कमरेच्या किंवा छातीच्या उंचीला. प्रत्येक मशीनला वेगळा नळ. धुणं झालं की तो बंद करायची सवय लावा, कारण दाबाखाली असलेली नळी रात्रंदिवस तशीच तणावात राहते. रबरी नळी ५ वर्षांच्या आसपास बदलावी, फुगवटा किंवा चीर दिसली तर लगेच. पाण्याची टाकी छतावर असेल तर दाबाचा हिशेब सोपा आहे: १० मीटर उंचीला साधारण १ बार. टाकी आणि नळ यांत ३ मीटरच अंतर असेल तर ०.३ बार मिळतो, आणि काही मशिनांना तेवढा पुरत नाही. पुस्तिकेत किमान दाब लिहिलेला असतो, तो विकत घेण्याआधी वाचा.

पाणी जड असेल, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतील, तर हीटरवर पांढरं कीटण चढतं. नळीच्या तोंडाशी एक बारीक जाळीही असते. तीत गाळ अडकतो आणि पाणी हळूहळू येतं. नळ बाजूला असला की ती जाळी काढून धुणं पाच मिनिटांचं काम.

वीज

पाणी गरम करताना मशीन २००० वॉटच्या आसपास वीज घेतं. २३० व्होल्टला हे जवळपास ९ अँपिअर होतात. म्हणून मशीनला स्वतंत्र सर्किट, चांगलं अर्थिंग आणि वीज गळायला लागली की ३० मिलिअँपिअरला तुटणारा गळती-रक्षक ब्रेकर हवा. ओल्या जागेत या शेवटच्या गोष्टीवर काटकसर करू नका. प्लगपॉइंट नळाच्या किंवा सिंकच्या खाली नको, थोडा वर आणि बाजूला घ्या. एक्स्टेन्शन बोर्ड मुळीच नको. ड्रायर घेणार असाल तर त्याची वेगळी लाइन, इस्त्रीसाठी ओट्यावर आणखी एक पॉइंट. काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. मी इथे सांगतेय ते त्याच्याशी नीट बोलता यावं म्हणून.

थरथर

१२०० आरपीएम म्हणजे ड्रम सेकंदाला २० वेळा फिरतो. आत ओले टॉवेल एका बाजूला गोळा झाले की एवढं जड मशीनही चालायला लागतं. नवं मशीन आलं की आधी मागचे वाहतुकीचे बोल्ट काढा. ड्रम प्रवासात हलू नये म्हणून ते लावलेले असतात. ते न काढता मशीन चालवलं तर घरात ट्रॅक्टर आल्यासारखं वाटतं आणि आतले भागही खराब होतात. बोल्ट पिशवीत घालून जपून ठेवा, घर बदलताना लागतील. मग मशीनच्या माथ्यावर पाणसळ ठेवून आडवी आणि उभी, दोन्ही बाजूंनी पातळी बघा. मशीनचे पाय फिरवून ती साधा आणि मग प्रत्येक पायावरची चकती आवळा, म्हणजे पाय पुन्हा फिरत नाही. फरशीला उतार आहे, हे लक्षात ठेवा. तो पायांनीच भरून काढायचा असतो.

फ्रंट लोडला खाली २०-३० सेंटिमीटरचा ओटा बांधला तर कंबर दुआ देते. पण तो भरीव हवा, मशीनपेक्षा थोडा मोठा हवा आणि कडेला बोटभर उंचवटा हवा, म्हणजे मशीन सरकून खाली येणार नाही. चाकांच्या स्टँडबद्दल माझं मत वाईट आहे. हलवायला सोपं म्हणून घेतात, आणि पिळताना ते खरंच हलतं.

आणखी एक जागा सगळे विसरतात. फ्रंट लोडच्या पुढच्या बाजूला खाली, बहुतेक उजव्या कोपऱ्यात, एक छोटं झाकण असतं. त्याच्या आत पंपाचा फिल्टर. त्यात बटणं, नाणी, केस आणि लहान मुलांच्या खिशातला सगळा संसार अडकतो. एका ओळखीच्या घरी सुताराने पायाशी सुबक पट्टी मारली, ती नेमकी या झाकणावर. फिल्टर तुंबल्यावर पट्टी उचकटावी लागली. ते झाकण उघडं राहू द्या आणि खाली पसरट ताट सरकेल एवढी जागा ठेवा, कारण फिल्टर काढला की आतलं उरलेलं पाणी बाहेर येतं. मशीन ओट्यावर असेल तर हे काम फारच सोपं होतं.

हवा

पाच किलो कोरडे कपडे मशीनने चांगले पिळले तरी त्यांत त्यांच्या वजनाच्या साधारण निम्मं पाणी उरतं, म्हणजे अडीच लिटर. कपडे खोलीतच वाळत घातले की हे अडीच लिटर खोलीच्या हवेत जातात. त्यांना बाहेर काढलं नाही तर ते गार भिंतीवर बसतात आणि कपाटामागे काळी बुरशी धरते. दमट दिवसांत कपड्यांना येणारा कुबट वास याच हिशेबातला.

उपाय म्हणजे एक्झॉस्ट पंखा, पण पंख्याला बाहेर ढकलायला हवा आत यावी लागते. दार घट्ट बसवून पंखा लावला तर तो नुसता आवाज करतो. दाराखाली एक-दोन सेंटिमीटरची फट ठेवा किंवा दारात झडपा करा. पंखा दाराच्या समोरच्या भिंतीवर, वरच्या अंगाला. मधल्या वाटेत वाळवण. छताला कप्पीने वर-खाली होणारी दांड्यांची चौकट मला सगळ्यात आवडते: जमिनीवर काही अडत नाही आणि वरची उबदार हवा फुकट मिळते. दोन कपड्यांमध्ये चार बोटं अंतर ठेवा. शर्ट हँगरवरच वाळवले तर इस्त्रीचं निम्मं काम वाचतं. त्यासाठी एक आडवी दांडी, तिच्याखाली मीटरभर मोकळं. ही चौकट घडीच्या ओट्यावर मात्र नको, सुकलेल्या घड्यांवर थेंब पडतात.

ड्रायर घ्यायचा असेल तर प्रकार आधी ठरवा. हवा बाहेर सोडणाऱ्या ड्रायरला साधारण १०० मिलिमीटरचा पाइप थेट घराबाहेर न्यावा लागतो. तो धातूचा, आखूड आणि कमीत कमी वळणांचा हवा. माळ्यावर किंवा छताच्या पोकळीत सोडून चालत नाही, कारण ओल तर साचतेच, शिवाय कपड्यांचे तंतू साचतात आणि ते चटकन पेट घेतात. कंडेन्सर आणि हीट पंप प्रकारांना असा पाइप लागत नाही. त्यांचं पाणी टाकीत जमतं किंवा नळीने सोडता येतं. हीट पंप वीज बरीच वाचवतो, वेळ जास्त घेतो. कुठलाही घ्या, तंतूंची जाळी दर वेळी साफ करायचीच. एकावर एक ठेवणार असाल तर ड्रायर वर, धुण्याचं मशीन खाली, आणि दोन्हींच्या मध्ये त्या मॉडेलसाठीचा जोडसांगाडा.

ओटा आणि कपाटं

८५ सेंटिमीटरच्या मशीनवरून ओटा न्यायचा तर तो ९० वर येतो. दगड तीन सेंटिमीटरचा धरला तर मध्ये दोनच सेंटिमीटर उरतात. तेवढे पुरतात, पण ओटा मशीनवर टेकता कामा नये, नाहीतर घडी घालताना तुम्हीही थरथरता. उभं राहून घडी घालायची उंची कोपराच्या साधारण १० सेंटिमीटर खाली असावी. फार उंच किंवा ठेंगण्या माणसाने ९० चा हट्ट सोडून वेगळा ओटा करावा. सलग मोकळी जागा निदान ७५ सेंटिमीटर हवी, चादरीची घडी तेवढ्यात बसते. मागच्या कडेला तीन बोटं उंच पट्टी लावा. मोजे हरवतात ते मशीनमध्ये नाही, बहुतेक ओट्यामागच्या फटीत.

सिंक खोल हवं, २५ सेंटिमीटर किंवा जास्त, आणि टोपल्या व मशीन यांच्या मध्ये. टोपल्या तीन पुरतात: पांढरे, रंगीत आणि टॉवेल-चादरींसारखे जाड. प्रत्येक टोपली मशीनच्या एका खेपेएवढी घ्या. टोपली भरली म्हणजे मशीन लावायची वेळ झाली, वेगळा विचार करायला नको. टोपलीला भोकं हवीत, बंद डब्यात ओलसर कपडा दोन दिवसांत वास धरतो.

कपाटांसाठी एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) आणि भुसा-बोर्ड टाळा. कडेने एकदा पाणी शिरलं की ते पावासारखे फुगतात. पाण्यात टिकणारं प्लायवुड चालतं, पण कापलेल्या कडा नीट बंद केलेल्या असतील तरच. पीव्हीसी बोर्ड, ॲल्युमिनियम, स्टील यांची काळजी कमी. खालची कपाटं जमिनीपासून १० सेंटिमीटर वर, पायांवर. मशीन लपवायला पुढे बंद दार लावायचा मोह होतो. फ्रंट लोडचं दार आणि साबणाचा खण धुणं झाल्यावर उघडे ठेवावे लागतात, नाहीतर दाराभोवतीच्या रबरात बुरशी होते. दार लावायचंच असेल तर झडपांचं लावा.

साबण-पावडरी वरच्या कपाटात, मुलांचा हात पोचणार नाही अशा. घरात लहान मूल असेल तर कुलूपही. पाण्यात विरघळणाऱ्या साबणाच्या रंगीत गोळ्या मुलांना चॉकलेटसारख्या दिसतात. ब्लीच एकीकडे आणि आम्लाचे क्लीनर, व्हिनेगर, अमोनिया असलेली द्रावणं दुसरीकडे ठेवा. ब्लीच आम्लात मिसळलं तर क्लोरीन वायू निघतो आणि अमोनियात मिसळलं तरी विषारीच वायू. फोटोंमध्ये दिसतात तशा काचेच्या बरण्यांत पावडर ओतून ठेवायला माझा विरोध आहे. ओल्या हातातून काच निसटते, आणि किती घालायचं, काय टाळायचं हे ज्या वेष्टनावर लिहिलंय ते कचऱ्यात जातं. मूळ बाटल्या एका छान ट्रेमध्ये ठेवा, तेवढी शोभा पुरे. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला कपड्यांवरच्या खुणांचा तक्ता चिकटवा: टब म्हणजे धुणं, त्रिकोण म्हणजे ब्लीच, चौकोन म्हणजे वाळवणं, वर्तुळ म्हणजे ड्रायक्लीन, इस्त्री म्हणजे इस्त्री. कुठल्याही खुणेवर फुली म्हणजे ते करू नका.

दिसायला

इथवर पोचेपर्यंत खोली बरीचशी नीटनेटकी झालेली असते, कारण प्रत्येक वस्तूला जागा आहे. प्रकाशाकडे मात्र लक्ष द्या. दिवा तुमच्या पाठीमागे असला तर तुमचीच सावली कपड्यावर पडते आणि डाग इस्त्री झाल्यावर दिसतो. ओट्याच्या वर, समोरच्या कपाटाखाली ४००० केल्व्हिनचा, म्हणजे फार पिवळा नाही आणि फार निळसर नाही असा, पट्टी-दिवा लावा आणि खोक्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा जास्त आहे का ते बघा. पिवळसर दिव्यात पांढऱ्यावरचा पिवळा डाग दडतो.

भिंती फिकट, टाइल सव्वा मीटरपर्यंत, टाइलमधला सांधा राखाडी (पांढरा सांधा वर्षभरात करडा होतोच, मग आधीच करडा घ्या). फरशी खरखरीत. रंगाची हौस एकाच ठिकाणी करा, एक भिंत किंवा कपाटांची दारं. उघड्या फळ्या फोटोत छान दिसतात, पण या खोलीत कापडाचे तंतू उडतात आणि आठवड्यात फळीवर फुफाटा बसतो. एक उघडी फळी पुरे. तिच्यावर एक वाटी ठेवा: खिशातून निघालेली नाणी, सुटलेली बटणं, सुई-दोरा.

नळ्या आणि पाइप झाकायला सुताराकडून स्क्रूने निघणारी फळी करून घ्या, खिळ्यांनी ठोकलेली नको. पण ती लावायची घाई करू नका. आधी रिकामं मशीन एकदा पूर्ण चालवा. पाणी भरताना नळाच्या आट्याखाली आणि पाणी सोडताना उभ्या पाइपच्या तोंडाभोवती कोरडा कागदी रुमाल धरा. पिळणं संपल्यावर पाणसळ पुन्हा माथ्यावर ठेवून बघा. दोन्ही रुमाल कोरडे निघाले आणि बुडबुडा मध्येच राहिला, की सुताराला बोलवा.